पूल पाहायला आलेली पाहुणी

९ फेब्रुवारी, सोमवार

ललिता, गुडघे कसे आहेत? (आतून उत्तर आलं, "हायेत जागेवर.") अमरावतीला नितेश कसा आहे, सूनबाई कशी आहे? फोनवर दोघंही मजेत होते. म्हैस कशी आहे? काल पेंडीला तोंड लावलं नव्हतं, आज रवंथ चालू आहे, म्हणजे ठीक. माझे डोळे? डावा मोतीबिंदू काढला, उजवा अजून पिकायचा आहे. आणि गावच्या शाळेचे जुने मास्तर, धर्मपाल गुरुजी? त्यांचं उद्या अकोल्याला गेल्यावर कळेल.

मला रोजनिशी लिहिता येत नाही, पत्र लिहिता येतं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रेडिओ दुरुस्त करता करता, पुडीच्या कागदांवरून आणि गुरुजींची बोलणी खाऊन शिकलो. पत्रात आधी सगळ्यांची खुशाली, मग कामाचं, एवढीच रीत ठाऊक. कृषी केंद्राने दिलेली डायरी कोरी पडली होती, तिलाही त्याच रीतीने हात घातला.

कामाचं असं की, गावाखाली पूर्णा आहे आणि पूर्णेवर पूल. सहा गाळ्यांचा, म्हणजे खांबांवर टेकलेले सहा तुकडे. माझ्या लग्नाआधी बांधलेला, वरातीची बैलगाडी त्याच्यावरूनच आली. पूल ओलांडला की अकोल्याचा रस्ता. मागच्या पावसाळ्यात पुराचं पाणी कठड्यावरून गेलं, तेव्हापासून साहेब लोक येतात, वाकून बघतात, मान हलवतात आणि जातात. आता नीट तपासणी होणार आहे. पूल नापास झाला तर जड गाड्या बंद. एसटी बंद.

एसटी बंद म्हणजे गुरुजींचं अकोला बंद. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्याने म्हणा की नशिबाने म्हणा, त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी रक्त धुऊन आणावं लागतं. डायलिसिस. ते चुकलं तर पुढे काय, ते लिहायला हात धजत नाही.

तपासायला येणारी कोण, तर ललिताच्या बहिणीची नात, अबोली. अमरावतीला इंजिनिअरिंगचं पुढचं शिकते. उतरणार आमच्याकडेच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सातच्या बसने गेलो. गुरुजींना खिडकी, मला कडेची जागा. त्यांना पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून तोंडात आवळ्याची फोड धरतात आणि ती गालात फिरवत माझ्या चुका काढतात. आज म्हणाले, "पुंजाराम, दुकानाच्या पाटीवर 'दुरूस्ती' लिहून ठेवली तुनं. तुही दुरुस्ती कोण करन?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाले समजते न, मंग झालं."

दवाखान्यात ते आत गेले की मी बाहेरच्या बाकावर. दुपारी त्यांची मुलगी प्रणाली डबा घेऊन आली. जठारपेठेत असते, नवरा बँकेत, एक मुलगी इशिता. बापाचे हात पुसता पुसता म्हणाली, "बाबा, एक खोली रिकामीच आहे आमच्याकडे. लिफ्ट आहे. इथून रिक्षाने दहा मिनिटं. कितीदा सांगू?"

गुरुजी खिडकीकडे बघत राहिले. मीच सांभाळून घेतलं. म्हटलं, "पोरी, लेकीच्या घरी माणूस किती दिवस राहन? जावई काही बोलत नाही, पण गुरुजीले गावची हवा लागते. आन् मी आहो न संग."

तिने डब्याचं झाकण लावलं. बरं झालं मी वेळेवर बोललो. गुरुजी भिडस्त माणूस, एखाद्या वेळी हो म्हणून बसले असते.

येताना नेहमीसारख्याच गप्पा. सोमवारी आणि गुरुवारी मला नीट झोप लागत नाही. सहलीच्या आदल्या दिवशी पोरांना लागत नाही तशी. वयाचा परिणाम असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अबोली आली. संगती पेटीभर सामान. चुन्याच्या डबीहून मोठ्या, पोळ्यांच्या डब्याहून लहान अशा डब्या तिने पुलाच्या कडेला चिकटवल्या, प्रत्येक गाळ्यावर दोन-तीन. त्यांच्या वायरी एका लॅपटॉपला. दोन दिवस सगळं जुळवण्यात जाणार, खरी मोजणी त्यानंतर.

मी विचारलं, "ठोकणार कशानं?" मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं काही असेल म्हणून.

ती हसली. "ठोकायचं नाही, आबा. तसंही करतात. मोठं वजन आणून पूल हलवतात, पण त्यासाठी रस्ता बंद ठेवावा लागतो. मी काहीच करणार नाही. बस जाते, बैलगाडी जाते, वारा येतो. तेवढ्यानेही पूल जरा जरा हलतच असतो. आपल्याला कळत नाही, या डब्यांना कळतं."

"पण बस येगळी, बैलगाडी येगळी. पूल हालला का बस हालली, हे कसं समजन?"

"एका बसवरून नाहीच कळणार. पण शेकडो गाड्या आपापल्या तऱ्हेने धक्के देतात. सगळं एकत्र केलं की गाड्यांच्या तऱ्हा एकमेकींत विरून जातात. मागे उरतो तो पुलाचा स्वभाव. कोणता गाळा सेकंदाला किती वेळा हलतो, हललेला किती लवकर शांत होतो. सहाही गाळे एकाच मापाचे, सख्ख्या बहिणींसारखे. एखादी बाकीच्यांहून संथ हलत असेल तर ती आतून ढिली झाली."

मला चांगलं समजलं. शेजारच्या घरात आज कोणाचं बिनसलंय, ते आपल्याला भांड्यांच्या आवाजावरून कळतं. कोणी सांगायला येत नाही. तिला तसं म्हणालो तर टाळी द्यायला हात पुढे केला पोरीने.

मग म्हणाली, "फक्त एक करा, आबा. काहीच वेगळं करू नका. रोजचं जसं चालतं तसंच चालू द्या. गावातही सांगा."

रात्री जेवतानाही तिचं तेच. "आजी, माझ्यासाठी काही नको हं. रोजचंच करा." ललिताने पुरणपोळी आणि पातोड्यांचा रस्सा केला होता. पाहुणा असं म्हणतच असतो. चांगल्या घरचं लेकरू आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बसमधून अबोली दिसली, पुलावर टोपी घालून बसलेली. तिने हात केला.

गुरुजी म्हणाले, "काय पाहून राहिली थे पोट्टी?" मी सगळं सांगितलं. लक्ष देऊन ऐकलं त्यांनी. मग विचारलं, "आन् नापास झाला त?"

"त बस बंद."

आवळ्याची फोड या गालातून त्या गालात गेली. "मंग बरंच झालं. सुटलो."

"काय सुटलो?"

"अरे, अंधारात उठा, सुया टोचून घ्या, पिळलेल्या धोतरावानी घरी या. मी कटाळलो म्हटलं त तू ओरडतं, पोरगी रडते. बसच बंद झाली त कोणाले जबाब द्या लागत नाही. गुरुजीनं हार मानली असं कोणी म्हणणार नाही. पुलानं मानली म्हणतीन." आणि हसले.

मी हसलो नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून दिवसभर एकच गोष्ट मनात घोळवली. पूल पास झालाच पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी पारावर सगळ्यांना गोळा केलं. ट्रॅक्टरवाले, मोटारसायकलवाली पोरं, वस्तीला आलेला एसटीचा ड्रायव्हर, सगळे. म्हटलं, "पोरीले पाहाले पाहुणे आले म्हंजे आपण पोरीले काय सांगतो? हळू चाल, खाली पाह्य, जास्त बोलू नोको. पुलाचंही तसंच हाये. पाहुणी हाये तवरोक जरा जपून."

ज्यांचे दोन ट्रॅक्टर आहेत ते खुशालराव म्हणाले, "म्हंजे पुलानं डोक्यावर पदर घ्यावा म्हणतं का?" सगळे खदखदले. पण पटलं. पूल गेला तर कोणाचाच माल बाजारात जाणार नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. हरभऱ्याची पोती तिकडे न्यायची असतील तर पाहुणी गेल्यावर न्यायची. ट्रॉली जाईल ती अर्धी भरून. बस माणसाच्या चालीने. मोटारसायकलवर तिघं नको.

भाजीवाली सुंदराबाई मधेच बोलली, "पण थे पोट्टी त म्हणत होती, रोजचंच चालू द्या म्हणून."

"अवो सुंदराबाई, पाहुणा म्हणते रोजचंच करा, त तू काय त्याले कालची भाकर वाढतं?"

तिने पदर खोचला आणि टोपली उचलली.

घरी आल्यावर ललिताला सांगितलं. भाकर थापता थापता म्हणाली, "पूल पास व्हाले पायजे, थो गुरुजीसाठी का तुमच्यासाठी?" मी म्हटलं, मला काय करायचंय अकोल्याला जाऊन? बायकांचं एकेक बोलणं कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. अबोली म्हणाली, सणाचा दिवस हिशेबात धरणार नाही, सणाला कोणीच नेहमीसारखं चालत नाही. भगर आणि आमटी आवडली तिला. दोनदा घेतली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गावाने शब्द पाळला. पुलाच्या तोंडाशी सुंदराबाईने रांगोळी काढली, कोणीतरी नारळ फोडला. बस पुलावर चढली आणि इतकी हळू चालली की एक बकरी आमच्या पुढे गेली. बैलांच्या गळ्यातल्या घंटाही कोणी काढून ठेवल्या होत्या, त्या कशाला ते मला कळलं नाही, पण भाव चांगला. कुत्रं भुंकलं तर पोरांनी हाकललं.

परत आलो तर अबोली पुलावरच होती. म्हणाली, "आबा, हा हरभऱ्याचा हंगाम ना? ट्रॅक्टर दिसत नाहीत फारसे."

"औंदा पीक कमी आहे," मी म्हणालो.

"आणि बस नेहमी एवढी हळू जाते?"

"नेमीचीच चाल आहे तिची."

तिने लिहून घेतलं. संध्याकाळी लॅपटॉपसमोर गालाला हात लावून बसली होती. पोरगी उन्हाने दमली. ललिताला म्हटलं, उद्या शिरा कर, बदाम घालून.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खुशालरावांनी हरभरा काढायला हार्वेस्टर बोलावला होता, तो आज आला. पंजाबचा ड्रायव्हर, त्याला पारावरचं काय ठाऊक? भर दुपारी एवढं मोठं धूड हॉर्न वाजवत पुलावरून आलं, आणि त्याच्या मागे त्याच्या सामानाचा ट्रक, तोही वेगात. खुशालराव दोन्ही हात वर करून धावले, "ओ सरदारजी, आस्ते, आस्ते!" सरदारजींना वाटलं स्वागत आहे. त्यांनीही हात केला.

अबोली मात्र खूश. धावत घरी आली. "आबा, या, दाखवते." पडद्यावर डोंगर काढल्यासारख्या रेघा. आधीच्या दिवसांच्या सहा रेघा एकमेकींना चिकटून होत्या. मला हायसं वाटलं, म्हटलं पास. मग तिने आजच्या दाखवल्या. पाच जागच्या जागी, आणि एक जरा डावीकडे सरकलेली. चौथ्या गाळ्याची.

"डावीकडे म्हंजे?"

"संथ. काँक्रीटला भेगा असतील तर हलक्या वजनाला त्या मिटून राहतात. गाळा ताठ असल्यासारखा वागतो. खरं वजन आलं की उघडतात, मग तो ढिला पडतो. पण दोन गाड्यांवरून मी काही म्हणू शकत नाही." पुन्हा आधीच्या रेघा काढल्या. "मला कळत नाही, रोजच्या गाड्यांत हे का दिसत नाहीये? या गावात रोज काहीच जड जात नाही का, आबा?"

आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आधी खाऊन घे. पोह्यांची ताटली तिने तशीच ठेवली. लिंबू जास्त झालं असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज बस पुन्हा पुलावर रांगायला लागली तेव्हा गुरुजी म्हणाले, "काहून रे पुंजाराम, ही बस मयतीले चालली का? मंगळवारीही असंच. ड्रायव्हरचा पाय दुखते का?"

मला राहवलं नाही. हळू आवाजात सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप मारतील.

गुरुजींनी तोंडातली फोड काढून कागदात बांधली. वर्गात काही घडलं की खडू खाली ठेवायचे, अगदी तसं. "चौथा गाळा ढिला हाये म्हणते थे?"

"पक्कं नाही म्हणत. दोन गाड्यांवरून कळत नाही म्हणे."

"कसं कळन? तू कळू देतं का?" बाहेर बघून म्हणाले, "आता आपण कितव्या गाळ्यावर हाओ?"

मी मोजलं. चौथाच होता.

"ह्या बसमंदी मी हाओ. तू हायेस. थे मागं कालेजच्या पोरी हायेत. तू मले वाचवाले निघाला, आन् सगळ्यायले घेऊन पाण्यात उतरतं का? आन् मले पाणी मोजूनच प्या लागते, थे तरी ध्यानात ठेव."

ते हसले, मलाही हसायला आलं, पण तेवढ्यापुरतंच. दिवसभर बाकावर बसलो तर समोरच्या भिंतीवर तीच डावीकडे सरकलेली रेघ दिसत होती. मी रेडिओवाला माणूस. तपासणीच्या वेळी गिऱ्हाइकाने आवाज कमी करून ठेवला तर खरखर कुठून येते ते कळत नाही, हे मीच लोकांना सांगतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अबोलीला चहा दिला आणि सांगितलं. मान खाली घालून. वाटलं, चिडेल, सामान भरेल.

तिने चहाचा एक घोट घेतला. मग बारीक आवाजात म्हणाली, "आबा, 'सर्व गाळे समान' असं मी लिहायलाच घेतलं होतं. तो हार्वेस्टर आला नसता तर तसंच पाठवलं असतं. माझ्या सहीने." तिने कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं ना, रोजचं जसं आहे तसंच राहू द्या?"

"पाहुणा असं म्हणते न, पोरी. खरंच तसं करायचं असते का?"

यावर तिला जे हसू आलं ते थांबेना. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे दहा दिवस मी तुमच्या घरी रोजचं काय शिजतं तेही पाहिलं नाही!"

आतून ललिता म्हणाली, "उद्या पाह्य. ठेचा आन् भाकर."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गावाला जपून चालायला सांगणं सोपं गेलं. पुन्हा नेहमीसारखं चाला हे सांगताना जीव गेला. आधी कोणाला खरं वाटेना. मग खुशालरावांनी राहिलेली कसर काढायची म्हणून ट्रॉलीत पोत्यांचा डोंगर रचला, वर दोन माणसं बसवली. अबोली हात जोडून समोर उभी राहिली, "काका, एवढंही नको हो."

"मंग केवढं पायजे? एकदाचं सांगून टाक, बाई."

"मी इथे नसते तर केवढं भरलं असतं?"

खुशालरावांनी डोकं खाजवलं. "आता तू हायेस त कसं सांगू?"

तरी दोन दिवसांनी लोक तिला विसरले. मोटारसायकलवर तिघं दिसायला लागले, बस खडखडत जायला लागली. बैलांच्या घंटा परत आल्या. अबोली म्हणाली, आता खरं चाललंय.

गुरुजींना आज त्रास जास्त झाला. येताना बोलले नाहीत.

२ मार्च, सोमवार

अबोली परवा अमरावतीला गेली. आज तिचा फोन. आठवडाभराचा सगळा हिशेब तिने आणि तिच्या सरांनी लावला. पाच बहिणी ठणठणीत. चौथी बरीच संथ, आणि एकदा हलली की शांत व्हायलाही वेळ घेते. खालून शिडी लावून पाहिलं, जिथे गाळा खांबावर टेकतो तिथलं बेअरिंग अडकून बसलंय आणि तुळईला तडे आहेत. पुरात झालं असणार. दुरुस्ती होईल, पण पावसाळ्याआधी पुरी होईल असं नाही. तोवर पायी आणि मोटारसायकल, बाकी काही नाही.

"आबा, रागावलात?"

"पोरी, तू आमाले बुडण्यातून काढलं. राग कायचा?"

फोन ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. राग नव्हता. पण काहीतरी होतं.

१० मार्च, मंगळवार

कालपासून पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी पाइप ठोकले. एसटीवाल्यांनी गाडीच बंद केली. पलीकडे एवढी मोठी गाडी वळायला जागा नाही, आणि तेवढ्यासाठी कोण येतो? बस पकडायची तर आता थेट फाट्यावर.

खुशालरावांच्या पुतण्याची मोटारसायकल मागितली. पुढे तो, मध्ये गुरुजी, मागे मी. माझ्या दुपट्ट्याने गुरुजींना त्याच्या कमरेशी बांधलं. जाताना निभावलं. येताना फाट्यावरून निघालो आणि पुलाच्या जरा अलीकडे त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. उतरवलं, कठड्याच्या सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले.

म्हणाले, "पुंजाराम, शुक्रवारी येऊ नोको."

"काहून?"

"मी येत नाही म्हणून."

"मी बैलगाडी करतो. गादी टाकून..."

"बैलगाडी बंद हाये, लेका. पाइप ठोकले. तुनंच ठोकाले लावले." आवाजात राग नव्हता, माया होती, तेच जास्त लागलं. "लय झालं. तू लय केलं. आता बस कर."

११ मार्च, बुधवार

रात्रभर कूस बदलत होतो. पहाटे म्हशीचं दूध काढताना ठरवलं आणि धार काढून होताच प्रणालीला फोन लावला.

म्हटलं, "पोरी, थे खोली रिकामी हाये न?"

ती म्हणाली, "काका, तुम्हीच तर दर वेळी नाही म्हणायचे."

"मी? मी कवा म्हणालो?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी. मी सांगितलं, आज रात्री तुझ्या बापाची पिशवी भरतो, उद्या सकाळी जावयाला गाडी घेऊन पलीकडच्या तोंडाशी उभं राहायला सांग. शुक्रवार चुकता कामा नये.

मग गुरुजींकडे गेलो. ते ऐकेनात. "लेकीच्या घरी माणूस किती दिवस राहते? गावची हवा लागते मले." माझेच शब्द एकेक करून माझ्या अंगावर टाकले. मी म्हटलं, "हवा अकोल्यालेही असते. आन् तिथं तुमची नात हाये, तिचं मराठी कच्चं हाये म्हणते प्रणाली. 'दुरुस्ती' कशी लिहाची थे तिले कोण सांगन?"

बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "माहा चष्मा त्या कोनाड्यात हाये. थो इसरू नोको."

१२ मार्च, गुरुवार

पुलावरून पायी गेलो. पिशवी माझ्या खांद्यावर, गुरुजींचा हात माझ्या हातात. प्रत्येक खांबापाशी दम घेतला. वारा होता. खाली पाण्याची एक बारीक धार आणि बाकी वाळू. अबोलीच्या डब्या अजून कठड्याशी आहेत, दुरुस्ती होईस्तोवर राहणार.

गुरुजी वाकून एका डबीकडे बघत म्हणाले, "आपण चाललो हे हिले समजते का?"

"समजत असन. बारीकसं."

"मंग सरळ चाल. लंगडू नोको. नाहीतर पूलच लंगडते म्हणून नाव होईन."

पलीकडे जावई गाडी घेऊन उभे होते. प्रणालीही आली होती. तिने माझ्या पाया पडताना माझे पाय जरा जास्त वेळ धरले. गाडी गेली. मी परत आलो. एकट्याने येताना कुठेही दम घ्यावा लागला नाही, तरी पूल लांब वाटला.

१७ मार्च, मंगळवार

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज पाचला जाग आली. अंघोळ केली, टोपी घातली, स्टँडवर जाऊन बसलो. बस नाही हे ठाऊक होतं. सुंदराबाई भाजी मांडत होती. म्हणाली, "काऊन जी, कुठी जाता?" मी म्हटलं, कुठं नाही. बसलोय आपला. तिने काही न विचारता एक आवळा काढून हातात ठेवला.

प्रणालीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा बरे आहेत. गुरुजींना फोन दिला तर ते म्हणाले, बरं आहे. फोन ठेवला आणि काहीच कळलं नाही. म्हणून पत्र लिहितो. आधी इथे, मग चांगल्या कागदावर उतरवून काढीन, गुरुजींना खाडाखोड चालत नाही.

गुरुजींस पुंजारामचा जय भीम आणि नमस्कार.

"बरं आहे" एवढंच लिहू नका. तुमचं 'बरं आहे' मी कैक वर्षं ऐकतो, त्यात तुम्ही कुठे आहात ते सापडत नाही. सकाळी कोणत्या कुशीवरून उठता, लिफ्टमध्ये कोण भेटतं आणि कोणाशी तुम्ही बोलत नाही, इशिताने कोणत्या शब्दाला किती वेळा चूक केली, जावई हॉलमध्ये असले की तुम्ही आत बसता की बाहेर, सुया टोचताना आता कोणाशी गप्पा मारता, दुपारी खिडकीतून काय दिसतं, कोणावर चिडलात, ते लिहा. मोठं काही घडलं नाही तरी लिहा. मी त्यातून लावतो बरोबर अर्थ.

इकडचं मीही तसंच लिहीन. पाटीवरची चूक सुधारलेली नाही, तुम्ही याल तेव्हा दाखवायला काहीतरी पाहिजे.

मंगळवारी मी मोकळाच असतो आता, आणि शुक्रवारीही. पोस्टमन पलीकडून पायी पूल ओलांडून येतो, बिचाऱ्याच्या पिशवीत बँकेच्या नोटिसांखेरीज काही नसतं. त्याचा फेरा फुकट घालवू नका. लवकर लिहा.